होसियत ओपाने शिकलेली यासीन

आम्ही सगळे जिला ओपा, म्हणजे ताई, म्हणतो त्या होसियतचा मुलगा एलमुरोद एका लग्नातून पिऊन परतताना कालव्यात बुडाला. आमच्या गल्लीतल्या पुरुषांनी त्याला पुरलं, पण मुल्ला सोतवोल्दी आले नाहीत. दारूत मेलेल्यासाठी यासीन, म्हणजे मयतासाठी वाचतात ती कुराणातली सुरा, वाचायला आपण तोंड उघडणार नाही, असा निरोप त्यांनी धाडला.

तिसऱ्या दिवशी ओपा त्यांच्या दारात उभी राहिली. मी शेजारीण, म्हणून सोबत गेले होते.

"तुम्ही वाचणार नसाल तर मी वाचीन," ती म्हणाली.

मुल्ला हसले. "तुला पहिलं अक्षर अलिफ तरी ओळखता येतं का?"

"नाही. म्हणून काय झालं? शिकेन."

ती एकसष्ट वर्षांची होती आणि जन्मभर रजया शिवून डोळे अधू झालेले. पलीकडच्या गावात रोबिया नावाच्या एक ओतिन-ओयी, म्हणजे धर्मशिक्षिका, बायकांना कुराण शिकवायच्या. दर बुधवारी ओपा काठी टेकत तिथे जायची. रोबिया कडक बाई. ओपाला 'ऐन' हे अक्षर काही केल्या जमेना.

"बाई, हा आवाज घशातून काढायचा. तू तर नाकातून रजई शिवतेस!" त्या खेकसायच्या.

पहिल्या हिवाळ्यात ओपाने एकदा पुस्तक मिटलं आणि रडायला लागली. "ज्याने दारू प्यायली त्याच्यासाठी मी घसा फोडतेय. देव ऐकेल तरी का?"

रोबियांनी तिच्यापुढे चहाची वाटी सरकवली. "त्याचं ऐकणं तुझ्या हातात नाही. तुझ्या हातात हे अक्षर आहे. चल, पुन्हा म्हण."

ओपाने पुन्हा म्हटलं. घरीही म्हणायची, रजई शिवताना, पीठ मळताना, मोठ्याने. गल्लीतले लोक टवाळी करायचे, "होसियत ओपाच्या घशात काहीतरी अडकलंय." ती खिडकीतून ओरडायची, "अडकू दे! तुमच्या घशात तर कधी काही गेलंच नाही!"

दुसऱ्या वसंतात तुतींना पालवी फुटली, तेव्हा एका गुरुवारी ती कबरस्तानात गेली. एलमुरोदच्या कबरीशी बसून तिने यासीन वाचायला सुरुवात केली. खबर लागताच मुल्ला धावत आले.

"बायकांनी इथं यायचं नसतं, ठाऊक नाही?"

ती मान वर न करता म्हणाली, "तुम्ही आला असतात तर मी कशाला आले असते?"

आणि पुढे वाचू लागली. मुल्ला तसेच उभे राहिले. मध्यावर एका शब्दाशी ती अडखळली, तसा मागून मुल्लांनीच तो शब्द पुरवला. त्यांच्या तोंडून सवयीनेच निघून गेला असावा.

ओपा गर्रकन वळली. "दोन वर्षांपूर्वी बोलायचं होतं. आता गप्प बसा, मला येतं." आणि ती ओळ तिने पहिल्यापासून, एकटीने, स्वच्छ म्हटली.

मुल्ला निघून गेले. पुढच्या गुरुवारीही ती गेली, त्याच्या पुढच्याही. त्यानंतर तिला कोणी अडवलं नाही. कोणी कौतुकही केलं नाही, आणि तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

माझ्या नवऱ्याला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. एका सकाळी मी घाबरतच तिच्या दारात गेले आणि म्हटलं, "ओपा, मलाही शिकव ना."

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "हात धुऊन ये. आणि रडायचं असेल तर आत्ताच रडून घे. पुस्तक भिजलेलं मला चालत नाही."