मराठीत नको

कुणाचंही मयत असो, कहानीवाले सर सगळ्यांत आधी पोचत आणि सगळ्यांत शेवटी उठत. बायाबापड्यांना वाटे, काय माया आहे या माणसाला! माया होतीच, नाही असं नाही. पण घरी परतल्यावर फाटकाशी स्कूटर लावून ते डिकीतली वही काढत आणि हेल्मेटही न उतरवता तिथंच लिहायला लागत. त्या घरचं सुतक फिटायच्या आत यांचा कच्चा खर्डा तयार असे.

सर आमच्या कॉलेजात हिंदी शिकवत. मूळचे औरंगाबाद जिल्ह्यातल्या कन्नड गावचे, घरी शेती, घरात बोलणं मराठी. कथा मात्र हिंदीत लिहीत आणि त्या दिल्लीच्या मासिकांत मानानं छापून येत. हिंदीतच का, असं मी एकदा विचारलं. हसून म्हणाले, "मियाँ, घर की बात दिल्ली में कहनी चाहिए. आमच्या कन्नडला दिल्लीचं मासिक कोण वाचतंय?" त्यांच्या कथांतली माणसं झाडून सगळी कन्नडची, नाहीतर ते राहत त्या उस्मानपुऱ्यातली. अनुवादाची परवानगी मागणाऱ्याला पोस्टकार्डावर दोनच शब्द जात : मराठीत नको.

मला त्यांनी घडवलं, हे कबूल करायलाच हवं. मी गरिबाघरचा, बुजरा. पुस्तकं त्यांनी दिली, अनुवादाची गोडी त्यांनी लावली. "लेखक गाढव असला तरी त्याच्या वाक्याशी बेइमानी करायची नाही," हे त्यांचंच वाक्य. आणि काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, मला जेवल्याशिवाय उठू देत नसत. "बस की रे, भाकर टाकलीय तव्यावर," असं म्हणत त्या माझ्या ताटात दुसरी भाकरी कधी वाढत ते कळतही नसे.

माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला, तेव्हा सर दवाखान्यात रोज शहाळं घेऊन येत. आई त्यांना देवमाणूस म्हणायची. वडील घास तोंडाबाहेर थुंकायचे. पंधरा दिवसांच्या जागरणानं पिचलेल्या आईनं एकदा त्यांच्या तोंडात मारली. त्या वेळी खोलीत फक्त सर होते. वडील गेले आणि वर्षश्राद्धाच्या आधीच ती थप्पड दिल्लीच्या मासिकात छापून आली. मी तणतणत गेलो. सर शांतपणे म्हणाले, "नाव बदललं, गाव बदललं. आणखी काय बदलू? थप्पड?"

मी तसाच परत आलो, पण विसरलो नाही. डूख धरणं हा आमच्या घरचा जुना गुण आहे.

सरांना एक मूल झालं होतं, आठ महिन्यांचा मुलगा. तापानं फणफणलेल्या त्या पोराला घेऊन दोघं कन्नडहून एसटीनं औरंगाबादच्या दवाखान्यात निघाले आणि वाटेतच ते गेलं. मग दुसरं मूल झालंच नाही. दरवर्षी त्या दिवशी काकू जेवत नसत आणि सर सगळ्यांदेखत म्हणत, "तुझी काय चूक? आपल्याला निघायलाच उशीर झाला होता." हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय आणि प्रत्येक वेळी मला गहिवरून आलंय.

या प्रसंगावर सरांची एक हिंदी कथा होती. मी ती मराठीत केली आणि त्यांना न विचारता एका दिवाळी अंकाला दिली. संपादकांना सांगितलं, परवानगी आहे. अंक औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानात आला, तसा विकत घेतला आणि सर सकाळी फिरायला गेलेले बघून काकूंच्या हातात ठेवला. मला सरांना घायाळ करायचं होतं. मध्ये कोण उभं आहे, ते मी बघितलंच नाही.

काकू ओट्याशी उभ्या राहूनच वाचत होत्या. बोट एका जागी थांबलं. तिथं लिहिलं होतं, "वेरूळपर्यंत मूल जिवंत होतं. मग आई झोपली." आणि पुढे, "बापानं तिला माफ केल्याचं सोंग जन्मभर नीट वठवलं."

"माझा डोळा लागला हुता, हे आमच्या दोघांबिगर कुणालाच ठावं नव्हतं," काकू म्हणाल्या. मग जवळजवळ आशेनं विचारलं, "हे सोंगाचं त्यांनीच लिहिलंय का रे? का तू पदरचं घातलंस?"

'मी घातलं', एवढंच म्हणायला हवं होतं. त्या बाईनं मला शेकडो भाकऱ्या वाढल्या होत्या. पण माझ्या अनुवादावर शंका आलेली मला सहन झाली नाही. मी ताठ्यानं म्हणालो, "नाही काकू. शब्दाला शब्द आहे."

तव्यावरची भाकरी करपली. दुसऱ्या दिवशी त्या कन्नडला भावाकडे गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. सरांनी अंक शेवटपर्यंत वाचला आणि मला म्हणाले, "'सोंग' शब्द बरोबर बसवलास." पुढची नऊ वर्षं ते डबा मागवून जेवले. डिकीतली वही कोरीच राहिली.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. मयताला सगळ्यांत आधी मी पोचलो. कोण कसं रडतंय हे मी मनात टिपतोय, हे लक्षात आलं आणि स्वतःची किळस आली. काकू उशिरा आल्या. त्यांचे लाल डोळे बघून शेजारच्या बाईंनी मायेनं त्यांचा हात धरला. "दमलात हो. गाडीत जरा तरी डोळा लागला का?"

"गाडीत मी झोपत नसते," काकू म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं. "आता तर समद्यांनाच ठावं हाय."