परक्या पंगतीसाठी सरपण

माझी शेवटची पोस्टिंग हॉलंडमध्ये, लायडनला झाली. अठ्ठावीस वर्षं पलटणीत काढून सुभेदार म्हणून पेन्शनीत आलो, त्यालाही तेव्हा नऊ वर्षं झाली होती. हुकूम मुलीचा, मुग्धाचा. मुदत सहा आठवडे. फेब्रुवारी २०२० मध्ये हजर झालो, मार्चमध्ये विमानं बंद पडली आणि सहा आठवड्यांचे पाच महिने झाले. फौजेत असं होतंच, त्यामुळे माझी तक्रार नव्हती. तक्रार असलीच तर जावईबापूंची असेल, पण ते पुण्याचे, तोंडावर बोलायचे नाहीत.

मुग्धा तिथल्या सायन्स पार्कमध्ये लॅबला होती. ती दिवसाआड सायकल काढून कामावर जायची. जावई अमेयराव आयटीत. त्यांचं ऑफिस आम्स्टरडॅमच्या स्लोटरडाइक भागात, पण त्या दिवसांत ते जेवणाच्या टेबलावर आलं होतं. सकाळी नऊ ते सहा टेबल त्यांच्या ताब्यात. मी माझी थाळी घेऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जेवायचो. याहून वाईट जागी जेवलो आहे.

दिनक्रम ठरलेला होता. ०५०० वाजता उठणं. ०५३० ला कालव्याकाठी चार किलोमीटर चाल, समोरून माणूस आला की दीड मीटर डावीकडे. ०६३० ला चहा. ०८०० ला रेशन चेक. रेशनचा चार्ज मला कुणी दिला नव्हता, मीच घेतला. पलटणीत मी क्वार्टरमास्टरच्या स्टोअरमध्ये होतो. भरलेलं कपाट दिसल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. गडहिंग्लजहून येताना एक बॅग कपड्यांची आणली होती आणि एक ज्वारीचं पीठ, कांदा-लसूण मसाला, हुलगे यांची. विमानतळावरून घरी येताना अमेयराव म्हणाले होते, "बाबा, इथे सगळं मिळतं." मी म्हणालो, "मिळतं तोवर मिळतं."

मार्चच्या मध्यावर दुकानांची कपाटं रिकामी झाली. अमेयराव सायकलवरून तीन सुपरमार्केट फिरून आले आणि त्यांनी पिशवीतून एकच पुडकं काढलं.

"हेच राहिलं होतं. वाळलेले वाटाणे, डाळीसारखे फोडलेले. कोणी घेत नव्हतं."

मी पुडकं हातात घेतलं. वरचा डच शब्द मला वाचता येत नव्हता, पण ओळखता आला. तोच शब्द मी सोळा वर्षांपूर्वी हजारो गोण्यांवर पाहिला होता. त्या गोण्यांच्या पावतीवर माझी सही होती. पुडकं वरच्या फळीवर ठेवून दिलं. त्या दिवशी आम्ही हुलग्याचं माडगं प्यालो आणि अमेयराव माझ्या बॅगेला पुन्हा कधी हसले नाहीत.

एप्रिलमध्ये मराठी मंडळाने घरबसल्या लोकांसाठी ऑनलाइन वादविवाद ठेवला. विषय होता, श्रीमंत देशाने परदेशातल्या उपाशी लोकांच्या अन्नासाठी पैसा द्यावा का? अमेयराव 'देऊ नये' या बाजूचे म्होरके. आठवडाभर त्यांनी तयारीचा सराव आमच्यावर केला.

"बाबा, इथे माझ्या पगाराचा केवढा भाग टॅक्समध्ये जातो, माहितेय? त्यातून कुठल्या तरी देशात गोण्या जाणार. निम्म्या वाटेत लंपास. उरलेल्या फुकट वाटल्या की तिथल्या शेतकऱ्याचं धान्य कोण घेणार? हे म्हणजे घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं झालं."

"लष्कराच्या भाकऱ्या मी अठ्ठावीस वर्षं भाजून घेतल्यात अमेयराव," मी म्हणालो. "त्या वाईट नसतात."

मुग्धा हसली. मीही हसलो. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ते मी इथे सरळ सांगतो. त्या गोण्या वाया गेल्या असतील, तर माझा एक माणूस फुकट मेला होता आणि त्याला तिथे मी पाठवला होता. सोळा वर्षं हा प्रश्न मी कुणाला विचारला नव्हता. आता जावई तो चाळीस घरांसमोर मांडणार होता.

रविवारी १५०० वाजता वादविवाद सुरू झाला. अमेयराव वरच्या खोलीत लॅपटॉपवर, मी खाली स्वयंपाकघरात मुग्धाच्या टॅबलेटवर. अमेयराव बोलले की आधी छतातून ऐकू यायचं आणि मग टॅबलेटमधून. दहाव्या मिनिटाला गोंधळ झाला. मास्ट्रिख्टचा एक विद्यार्थी आणि आम्स्टरडॅमचे एक गृहस्थ एकदम बोलत होते, कुणाच्या तरी घरात कुकरच्या शिट्या होत होत्या, आणि मंडळाच्या अध्यक्षा देशपांडेबाई "एकेक जण, एकेक जण" म्हणत होत्या ते कुणालाच ऐकू जात नव्हतं.

मला राहवलं नाही. मी बटण दाबलं.

"सगळ्यांनी सेट बंद करा. बोलायचं त्याने नाव सांगायचं, बोलायचं, ओव्हर म्हणायचं. ओव्हर म्हणेपर्यंत दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. कुकरवाल्यांनी गॅस बंद करा. ओव्हर."

शांतता पसरली. शिटीसुद्धा थांबली. देशपांडेबाई म्हणाल्या, "काका, तुम्हीच अध्यक्ष व्हा." थोडं थांबून म्हणाल्या, "ओव्हर."

पुढचा अर्धा तास मी आयुष्यात ऐकलेला सगळ्यात शिस्तीचा मराठी वादविवाद झाला. इंजिनिअर, डॉक्टर, सगळे ओव्हर म्हणत होते. मग अमेयरावांची पाळी आली. चांगले बोलले. शेवटी म्हणाले, "गोण्या पोचतात, फोटो निघतात. पण ते अन्न खरंच उपाशी माणसाच्या तोंडात गेलेलं इथे कुणी पाहिलंय का? ओव्हर."

अध्यक्षाने बाजू घ्यायची नसते, हे मला माहीत होतं.

"मी पाहिलंय," मी म्हणालो. "ओव्हर."

आणि मीच पुढे बोललो. जे सांगितलं ते असं.

आमची पलटण शांतिसेनेत आफ्रिकेतल्या एका देशात होती. काम एवढंच की मदतीच्या ट्रकना छावणीपर्यंत संरक्षण द्यायचं. वाटप दुसऱ्यांचं. आम्ही निर्वासितांच्या छावणीत वाटाण्यांच्या गोण्या पोचवल्या, परत आलो, पुन्हा पोचवल्या. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की छावणीतल्या शेळ्या गुटगुटीत होत आहेत आणि माणसं नाहीत. अमेयराव म्हणतात ते अगदीच खोटं नाही. काही गोण्या बाजारात गेल्या होत्या. रिकाम्या गोण्यांच्या चड्ड्या शिवल्या होत्या. एकदा देणाऱ्या देशाचे पाहुणे पाहणीला आले, तेव्हा त्यांना वाट दाखवणाऱ्या माणसाच्या बुडावर त्यांचाच झेंडा होता. पाहुणे सबंध छावणीभर त्याच्या मागे चालले. आम्ही समोर बघून सावधान उभे होतो.

उरलेले वाटाणे शेळ्यांना जात होते, कारण ते दगडासारखे होते. शिजायला तीन तास आणि भरपूर सरपण लागायचं. ते लोकांकडे नव्हतं.

आमचा कुक हवालदार नलवडे. आजरा तालुक्यातला, अंगाने दांडगा, तोंडाने फाटका. तो माझ्याकडे आला. "साहेब, नुसता दाणा दिऊन काय उपेग? चुलीचं कोण बघणार?"

"ते आपलं काम नाही," मी म्हणालो.

"मग शेळ्यांना सलामी द्या," तो म्हणाला आणि गेला. संध्याकाळी मी परवानगी दिली. लेखी नाही, तोंडी.

दुसऱ्या दिवशी नलवडेने आमच्या लंगरची, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघराची, चार मोठी पातेली छावणीत मांडली. पलटणीचा रिवाज असा की जवानांना वाढण्याआधी जेसीओने, म्हणजे तिथे मी, जेवण चाखून पास करायचं. मी चाखलं. घरच्या मसाल्यातली वाटाण्याची उसळ. डोळ्यांत पाणी आलं, गावची आठवण झाली. मी म्हणालो, "एक नंबर." आणि पास केलं.

चूक इथे झाली. आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही की तो कोल्हापूर जिल्हा नव्हे. १२०० वाजता वाटप सुरू झालं. १२१० ला पहिला माणूस पाण्याच्या टाकीकडे पळाला. १३०० पर्यंत छावणीचं दिवसभराचं पाणी संपलं. त्या मुलखात पाणी अन्नापेक्षा दुर्मिळ होतं. वायरलेस सेटवर मेजर साहेब आले.

"पाणी कुठे गेलं? ओव्हर."

"सर, जेवण तिखट झालं. ओव्हर."

"कसलं जेवण? ओव्हर."

"सर, आपण शिजवलेलं. ओव्हर."

"पास कोणी केलं? ओव्हर."

"मी. ओव्हर."

बराच वेळ नुसती खरखर. मग साहेब म्हणाले, "सेट खराब आहे. मला काही ऐकू आलं नाही. आउट." अर्ध्या तासात पाण्याचा जादा टँकर आला.

दुसऱ्या दिवशी उसळ बिनतिखटाची. नलवडे घरात कुणी गेल्यासारखं तोंड करून ढवळत होता. "हे आजाऱ्याला देत्यात साहेब," तो म्हणाला. "हे माझ्या हातचं म्हणून कुणी सांगू नगा गावात." वाढायला घेतलं तेव्हा छावणीतली एक म्हातारी पुढे आली. तिने त्याच्या हातातला डाव काढून घेतला, उसळ चाखली, कसला तरी पाला चुरून टाकला आणि त्याला हाताने बाजूला सारलं. त्या दिवसापासून पातेल्यांवर हुकूम तिचा. नलवडे तिला सासूबाई म्हणायचा. भाषा एकमेकांची कळत नव्हती, पण भांडण रोज व्हायचं. लोक पोटभर जेवत होते. दुसऱ्यांदा मागत होते. अकरा दिवस.

बाराव्या दिवशी जवळपासचं सरपण संपलं. नलवडे म्हणाला, ट्रक घेऊन जरा लांब जातो. मी म्हणालो, "जा. ०९०० च्या आत परत." परतताना ०८४० ला रस्त्यात सुरुंगावर चाक गेलं. ड्रायव्हर वाचला. नलवडे मागे सरपणावर बसला होता.

रिपोर्टमध्ये 'गस्त घालताना' असं लिहिलं. शिजवण्याचा हुकूमच नव्हता, तर सरपण कुठून आणणार? रिपोर्ट मी लिहिला.

दुपारी इंजिनिअरांनी रस्ता साफ केला. ते निघाले तशा छावणीतल्या बायका पुढे गेल्या, म्हातारी सगळ्यांत पुढे. रस्त्यावर विखुरलेली लाकडं त्यांनी वेचून आणली आणि चूल पेटवली. आम्ही कुणीच सांगितलं नव्हतं.

"म्हणून अध्यक्षाचं मत आहे, द्यावं," मी म्हणालो. "गोणीबरोबर पाणी द्यावं, सरपण द्यावं आणि चूल कुठे आहे ते विचारावं. ते जमत नसेल, तर शेळ्या पाळतोय म्हणून कबूल करावं. ओव्हर."

थोड्या वेळाने आवाज आला, आधी छतातून, मग टॅबलेटमधून. "बाबा, हे तुम्ही कधी बोलला नाहीत. ओव्हर."

देशपांडेबाईंनी मतदान घेतलं. फौजेत मतदान नसतं, हे मी त्यांना बजावलं होतं. 'द्यावं' ही बाजू दोन मतांनी पडली. अमेयरावांनी मत कुणाला दिलं ते मी विचारलं नाही. ते खाली आले, टेबलावरचा मॉनिटर उचलून जमिनीवर ठेवला आणि मला म्हणाले, "बाबा, इथे बसा." पाच आठवड्यांत मी पहिल्यांदा दुपारचा चहा त्या टेबलावर प्यालो.

मग त्यांनी विचारलं, "नलवडेंच्या घरी हे माहितेय?"

"नाही."

"का?"

"परवानगी मी दिली होती म्हणून," मी म्हणालो. "त्यांच्या मंडळींना तोंड दाखवायची मला भीती वाटते."

मुग्धाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. अमेयरावांनी माझा फोन आणून माझ्यासमोर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ०७३० ला, म्हणजे गावाकडे अकरा वाजता, मी आजऱ्याला फोन लावला. नलवडेच्या मंडळींनी, शालनवहिनींनी, उचलला. मी मध्ये न थांबता सगळं सांगितलं. गोण्या, शेळ्या, तिखट, म्हातारी, ट्रक. परवानगी माझी होती, तेही सांगितलं.

मग त्यांनी एकच विचारलं. "त्या दिवशी लोकं जेवली का भाऊजी?"

"जेवली वहिनी. त्याच सरपणावर."

"सोळा वरसं मी लोकांना सांगत्ये, गस्तीवर गेले म्हणून. गस्तीवर म्हंजी काय करत हुते, असं कुणी इचारलं तर मला सांगता येत न्हाई. हे सांगता येतंय. तसं लिवून द्या मला."

त्याच दिवशी लिहून दिलं. इथेही लिहितो.

हवालदार कुक शंकर रामू नलवडे. परक्या मुलखात, उपाशी माणसांच्या चुलीसाठी सरपण आणताना पडले. त्या दिवशी सगळी माणसं जेवली.