विहिरीवरची ड्यूटी

महायुद्धात माझी पोस्टिंग आसामच्या सीमेवर, फील्ड हायजीन सेक्शनमध्ये होती. रँक नायक. आमच्या हातात रायफल कमी, फावडं जास्त. चर खणायचे, पाण्याच्या टाकीत क्लोरीन टाकायचं, फॉलइनमध्ये प्रत्येकाला मलेरियाची पिवळी गोळी द्यायची आणि ती गिळेपर्यंत समोर उभं राहायचं. पलटणीतले जवान आम्हाला हसत.

लान्स नायक बिरसू मडावी माझ्याच सेक्शनचा आणि माझ्याच गावचा. गाव सालेकशाजवळ, रेल्वे लाईनच्या कडेला. लढाई संपल्यावर पुढच्या उन्हाळ्यात दोघांना एकत्र रजा मिळाली.

आम्ही पोचलो तेव्हा गावात हैजा, म्हणजे कॉलरा, शिरून चार दिवस झाले होते. सात माणसं गेली होती. मडावी घरी जाण्याआधी बोडीवर गेला. आजाऱ्यांची लुगडी त्याच तळ्यात धुतली जात होती. प्यायचं पाणीही तिथलंच. विहिरीचं पाणी खोल गेल्यामुळे तिकडे कोणी फिरकत नव्हतं.

"नायक, बोडी बंद करा लागते," तो म्हणाला.

मी दुपारच्या गाडीने गोंदियाला गेलो. दवाखान्यातल्या कंपाउंडरने लाल दवाची पुडी आणि चुना दिला. "डॉक्टर साहब दौरे पर हैं," तो म्हणाला. "टीका लेकर चार दिन में आएँगे. तब तक संभालो."

संध्याकाळी दवा विहिरीत टाकली. सकाळी सहाला पाणी काढायला सुरुवात. एक दोर, एक बादली, ओढणारा एकच. त्याने आजाऱ्याला शिवायचं नाही. मी घरोघरी चुना टाकणार, म्हणून बादली मडावीकडे. सेक्शनमध्ये शिकवलं होतं तसंच.

लोक भांडी घेऊन आले आणि लांबच थांबले. माझे सख्खे काका पुढे होते.

"गोंडाच्या हातचं पाणी आमी कायले पेऊ?"

भरलेली बादली धरून मडावी ताठ उभा राहिला. मला काकांकडे बघवेना.

मग सोनाबाई पुढे आली. विधवा बाई, पदरी लहान नातू. आदल्याच दिवशी तिची सून गेली होती. तिने आपला पाण्याचा गुंड विहिरीच्या जोत्यावर ठेवला.

"भर रे बिरसू. सून बोडीच्या पाण्यानं गेली. आता मले कोणाचा हात पाहाचा नाही."

तिच्यामागून एकेक गुंड लागला. दहा वाजेपर्यंत काकूही रांगेत होती. काका घरातून बाहेर आले नाहीत, पण पाणी तेच प्यायले.

तीन दिवस नवा आजारी नाही. चौथ्या दिवशी मी दवा आणायला पुन्हा गोंदियाला गेलो. त्याच दिवशी गावाबाहेरच्या टोलीवरचा एक म्हातारा आजारी पडला. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी परतलो तेव्हा मडावी विहिरीपासून वीस पावलं लांब बसला होता.

"म्हाताऱ्याले साफ करून आलो. आता बादली तू घे. मी जवळ येत नाही."

"तू काऊन गेलास?"

"तो एकटाच होता."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. सगळ्या गावाला लस टोचली. म्हातारा वाचला. मडावीला मात्र पहाटेच सुरू झालं होतं. डॉक्टरांनी शिरेतून मिठाचं पाणी चढवलं. दुपारी साडेतीनला तो गेला. शुद्ध होती तोवर दोनदा विचारलं, बोडीवर कोणी गेलं तर नाही?

काका आले. त्यांनी खांदा दिला.

त्यानंतर गावात एकही माणूस दगावला नाही. आज आमच्या घरात नातवंडं आहेत, सोनाबाईचा वंश आहे, काकांचा आहे. हे त्याचं देणं. आम्ही गाववाले ते मानतो.

सेक्शनच्या कागदांत 'रजेवर असताना मृत्यू' एवढंच लागलं. म्हणून नाव इथे लिहून ठेवतो. लान्स नायक बिरसू मडावी, फील्ड हायजीन सेक्शन. ड्यूटीवर असताना गेला.