पायऱ्यांची लाट

विजेचा आकार दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर माझ्या इन्व्हर्टरची लाट उमटली होती. सौर पॅनेलच्या सरळ विजेतून घरात चालणारी, वर-खाली होणारी वीज घडवायची तर ती अशी पायऱ्यापायऱ्यांनी घडवावी लागते. माझ्या पायऱ्या ओबडधोबड होत्या. त्यातून नको त्या लहरी निघत होत्या आणि जोडलेली मोटर गुरगुरत तापत होती.

आमचे विभागप्रमुख मागे येऊन उभे राहिले.

"मॅडम, हट्ट सोडा. मोठा फिल्टर लावा आणि मोकळ्या व्हा. परवा परीक्षक येतायत."

"नाही सर. दोष जिथे तयार होतो तिथेच काढणार. मागाहून गाळत बसणार नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर पीएचडी राहील."

ते मान हलवत गेले. मला वाटलं, लहानपणापासून हेच तर ऐकतेय. काय हवं ते बोल, पण वरून जरा गोड कर. खरखर लोकांना दिसू देऊ नकोस. का म्हणून? पाऊल नेमक्या क्षणी पडलं तर झाकायला उरतंच काय?

या पायऱ्या घडवणारा प्रत्येक स्विच कधी चालू व्हावा, कधी बंद, ते क्षण मी पुन्हा पुन्हा किंचित सरकवत राहिले. दुपार कलली तेव्हा पायऱ्या सावरल्या आणि मोटरची गुरगुर विरली.

सर परत आले. त्यांनी मोटरवर हात ठेवला.

"फिल्टर कुठेय?"

"लावलाच नाही."

त्यांनी हात मागे घेतला. "बरं. परवा परीक्षकांसमोर जरा कमी बोला."

"नाही सर," मी म्हणाले, "परवा तर मी भरपूर बोलणार आहे."