मिरचीवाल्या चाचांची शिष्यवृत्ती

एकटे राहण्यासाठी इतकी नामी जागा सबंध पश्चिम खानदेशात दुसऱ्या कोणी शोधली नसेल, आणि सोबतीसाठी इतका खटाटोपही दुसऱ्या कोणी केला नसेल. आमचे मिरचीवाले चाचा नंदुरबारात मिरचीच्या वखारीवरच्या माडीत राहत. चाची गेल्यावर मोठे घर त्यांनी पुतण्यांना दिले आणि स्वतः वर बिछाना टाकला. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाहुण्याला पहिली शिंक येई. माडीवर पोचेपर्यंत नाकाडोळ्यांना धारा लागत आणि चहा यायच्या आत तो हात जोडून उठे. चाचांना स्वतःला काहीच होत नसे. "शिकेल लोकेसनं नाक नाजूक ऱ्हास," असा त्यांचा निष्कर्ष होता, कारण त्यांच्याकडे येणारे बहुतेक शिकलेले असत.

चाचांनी प्रत्येक भाषेला तिची जागा नेमून दिली होती. नमाज झाल्यावर अल्लाशी जे बोलायचे ते उर्दूत. हमालांशी आणि आम्हा कुणब्यांशी अहिराणी. त्यांची घोडी गुजरातेतल्या व्याऱ्याकडच्या एका शेठकडून आणलेली, म्हणून तिला शिव्या गुजरातीतच. दुसऱ्या भाषेत रागावलो तर बिचारीला कळायचे कसे, असे ते म्हणत. आणि पुस्तकी मराठी ते उभ्यानेच बोलत. मराठीचा प्रसंग कचेरीतच येई, आणि कचेरीत त्यांना कोणी कधी बसा म्हटले नव्हते. आमचे हेडमास्तर एकदा त्यांना भेटायला आले आणि शुद्ध मराठीत बोलू लागले, तेव्हा चाचा स्वतःच्या घरात, स्वतःच्या गादीसमोर, शेवटपर्यंत उभे होते.

मी जवळच्याच कोरीट गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. घराण्यात बी.ए. झालेला पहिलाच. मला पुढे एम.ए. करायचे होते, आणि तेही एका भाषेचे नव्हे. अहिराणी ओव्या, गुजराती गरबे आणि सातपुड्यातल्या पावरा आदिवासींची पावरी गाणी एकमेकींना कुठे भेटतात ते मला शोधायचे होते. मुंबईचे एक प्राध्यापक शिकवायला तयार होते, पण खर्च कोण देणार? गुजराती फंडाने विचारले, तुम्ही गुजराती आहात का? मराठी फंडाने विचारले, यात शुद्ध मराठी किती? संस्कृतवाल्यांनी काहीच विचारले नाही. भाषांच्या बांधावर उभ्या असलेल्या मुलासाठी कोणाचीच थैली नव्हती. वडिलांनी तलाठ्याच्या जागेसाठी शब्द टाकून ठेवला होता. जूनपर्यंत सोय झाली नाही तर मी दप्तर घेऊन गावोगाव हिंडणार हे ठरल्यासारखेच होते.

हेडमास्तरांनी मला चाचांकडे पाठवले. दोनतीन मुलांच्या शिक्षणाचा खर्च चाचांनी आधी केला होता. शिंका आवरत मी माझा विषय समजावून सांगितला. चाचा म्हणाले, "माले काई समजनं नही. पन लोकेससंगे बोलनं, हाऊच तुन्हा धंदा शे ना? मंग चाल."

गावाबाहेर त्यांची मिरची वाळवायची पथारी होती. उघड्या रानात लाल मिरची वाळत पडलेली, आणि डोंगरातून आलेल्या बाया बसून तिचे देठ खुडत होत्या. त्यांतल्या एका म्हाताऱ्या पावरा बाईकडे बोट दाखवून चाचा म्हणाले, "जाय, तिले हसाडी दखाड." हीच त्यांची परीक्षा. दुसऱ्याच्या भाषेत हसवता आले तरच ती भाषा आली, असे त्यांचे मत होते.

माझी पावरी आठवडे बाजारातली, मीठ-मिरचीपुरती. मी म्हातारीसमोर बसलो, तिच्याबरोबर देठ खुडू लागलो आणि पाठ केलेली वाक्ये म्हटली. तिने प्रत्येक वाक्याला गंभीरपणे उत्तर दिले. मला घाम फुटला. तो पुसायला मी हात वर नेला आणि मिरचीची बोटे डोळ्यांत गेली. मी बैलासारखा हंबरलो. म्हातारी पोट धरून हसली. मग तिने जवळच्या भोपळ्याच्या तुंब्यातले पाणी माझ्या डोळ्यांवर धरले आणि धरता धरता विचारले, तुला आई आहे का? मी म्हटले, आहे. ती काय रांधते, असे तिने विचारले. डोळे मिटूनच, मोडक्यातोडक्या पावरीत, मी सांगत राहिलो. तीही सांगू लागली, काठी गावाकडे दिलेल्या लेकीबद्दल. उन्हे कलली तरी आमचे संपेना.

चाचा छत्री घेऊन बांधावर थांबले होते. म्हणाले, "हासनी ती मिरचीमुये, तुन्हामुये नही." माझ्या डोळ्यांपुढे तलाठ्याचे दप्तर आले. थोडे चालून गेल्यावर ते पुढे म्हणाले, "पन मन्ही पथारीवर तिन्हासंगे इतलं कोनी बोलनं नही. जाय मुंबईले."

अट एकच. सुटीत यायचे, माडीवर बसायचे आणि आपल्या बोलीत बोलायचे. मी येई, मुंबईच्या गोष्टी सांगे, नाकाला रुमाल लावी आणि नाइलाजाने उठे. आधीची मुलेही तशीच उठून गेली होती. शिकून कोणी पुण्याला गेले, कोणी बडोद्याला. चाचा ज्याच्या शिक्षणाला पैसे देत, तो त्या शिक्षणामुळेच दूर जाई.

एम.ए. झाल्यावर, दूरच्या कॉलेजातली नोकरी पत्करून मी निरोप घ्यायला गेलो. जिना चढलो आणि एकही शिंक आली नाही. वखार रिकामी होती, जमीन धुतलेली. सारी मिरची त्यांनी गावाबाहेरच्या भाड्याच्या गोदामात हलवली होती. गादीवर नवी चादर होती. त्यांच्याखेरीज तिथे कोणी नव्हते.

आम्ही पुष्कळ बोललो. मग सुरतेच्या गाडीची वेळ झाली. मी म्हटले, "चाचा, गाडीना टाइम व्हयना."

चाचा चादरीची सुरकुती सारखी करत म्हणाले, "आते तं शिंक बी येत नही. मंग काबरं उठस, बेटा?"

मी पुन्हा बसलो. थोडाच वेळ. मग गेलो.

पुढच्या उन्हाळ्याआधीच ते वारले. इथे, नोकरीच्या गावी, माझ्याशी अहिराणी बोलणारे कोणी नाही. घरात कधी मसाल्याची मिरची भाजतात, तेव्हा सगळे खोकत, नाकाला पदर लावत अंगणात पळतात आणि मलाही हाका मारतात. मी उठत नाही. तो तिखट धूर शमेपर्यंत तिथेच बसून राहतो.