खाल्ल्या मिठाचा अभिप्राय

पहिल्या प्रकाशकाने माझं हस्तलिखित परत पाठवलं, सोबत छापील पत्र होतं : आपले लेखन आमच्या सध्याच्या योजनेत बसत नाही. दुसऱ्याने काहीच पाठवलं नाही, हस्तलिखिताची प्रतसुद्धा नाही. तिसऱ्याला मी स्वतः फोन केला, तर पलीकडचे गृहस्थ अगदी नम्रपणे म्हणाले, "बाई, आम्ही स्पर्धा परीक्षांची पुस्तकं काढतो. तुमचं कुठल्या परीक्षेसाठी आहे?"

"माझ्याच," म्हटलं आणि फोन ठेवला. राग त्यांचा नव्हता, माझाच होता. आमच्याकडे उतरलेल्या एका मुलीच्या गाइडवर पत्ता ठळक छापलेला दिसला, तो मी उतरवून घेतला होता. त्या प्रकाशकाने दुसरं काय छापलंय, हे उलटून बघायचंही मला सुचलं नाही. मासे घेताना मी प्रत्येक बांगड्याचे कल्ले उघडून बघते, आणि तीन वर्षं लिहिलेलं पुस्तक मात्र कुणाच्याही दारात टाकून आले.

देवबागला आमच्या चार खोल्या आहेत. पर्यटक येतात, राहतात, जेवतात. मासे खाल्लेला माणूस दुपारी दोन तास उठत नाही, हे माझं लिखाणाचं भांडवल. त्या दोन तासांत मी जेवणघराच्या टेबलावर बसून दोनशे दहा पानं लिहिली. तळेऱ्याच्या फाट्यावर माझ्या वडिलांचं चहाचं हॉटेल होतं. देवगडला, विजयदुर्गाला जाणारी माणसं तिथे एसटीची वाट बघत बसायची, आणि वाट बघणारा माणूस बोलतो. कपबशा विसळता विसळता लग्न होईपर्यंत मी ते ऐकलं. पुढे वडील गेले, रस्ता रुंद झाला तेव्हा हॉटेलही गेलं. ती सगळी माणसं आता फक्त माझ्या त्या दोनशे दहा पानांत उरली होती. ती छापली गेली नाहीत, तर फाट्यावर कधी कुणी बसलंच नव्हतं असं होईल, अशी मला धास्ती होती. म्हणून पुस्तक निघावं असं फार वाटायचं. मिरवायची हौसही होती थोडी, ती कशाला लपवू?

इंग्रजीत लिहिणाऱ्यांना साहित्यिक एजंट असतो, असं मी मोबाईलवर वाचलं. तो म्हणे हस्तलिखित योग्य दारात नेतो, लेखकाच्या वतीने बोलतो. हे मी जेवताना सांगितलं. आमचे हे पर्यटकांना होडीतून फिरवतात, त्यांनी लगेच घास ठेवला.

"मगे मी आसंय मां! डॉल्फिन नसले तरी मी लोकांका दाखवतंय. तुझां पुस्तक माका खपवूक येवचां नाय?"

मी हसण्यावारी नेलं. पण थंडी संपता संपता पुण्याहून एक बाई चार दिवसांसाठी एकट्याच उतरायला आल्या, आणि आमच्या रजिस्टरात 'व्यवसाय' या रकान्यात त्यांनी लिहिलं : संपादक, प्रकाशनसंस्था. हे ते रजिस्टर दोन्ही हातांत धरून स्वयंपाकघरात शिरले. एवढ्या कौतुकाने त्यांनी कधी सुरमईसुद्धा आणली नव्हती.

"गो, देव पावलो!"

सासूबाई खोबरं किसत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "पावणो ताटार बसलो काय तेच्याकडे कायएक मागूचां नाय. तेका नाय म्हणूक येणा नाय."

आमच्या घरातला हा नियमच आहे आणि मला तो पटतो. मी ह्यांना शपथ घातली. ह्यांनी शपथ घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संपादकबाईंना होडीतून नदी-समुद्राच्या संगमावर घेऊन गेले.

परत आल्या त्या सरळ माझ्याकडे. "अहो, तुमच्या पुस्तकात म्हणे एसटीच्या टपावरून पोतं उतरतं आणि त्यात प्रेत असतं?"

माझ्या पुस्तकात पोतं आहे. त्यात फणस आहेत.

"तुम्ही सांगायचं नाहीत का, लिहिता म्हणून! द्या बघू, वाचते." मी नको नको म्हणत इतक्या चपळाईने हस्तलिखित आणलं की माझी मलाच लाज वाटली. पडवीतल्या आरामखुर्चीत त्या वाचत बसल्या. आणि मग आमच्या घरी जे सुरू झालं, ते सांगताना आजही हसू येतं. हे दुसऱ्याच दिवशी भल्या पहाटे रापणीवर, किनाऱ्यावर जाळं ओढतात तिथे, जाऊन सगळ्यात ताजी मासळी निवडून घेऊन आले. ज्यांनी नियम सांगितला त्या सासूबाई गोड रसातल्या खापरोळ्या करायला बसल्या. "मागूक नाय म्हटलंय," त्या म्हणाल्या, "वाढूक नाय म्हणूक नाय." एका दिवसात शिंपल्यातल्या तिसऱ्यांचं सुकं, मोरी माशाचं मटण, घावणे, सगळं झालं. मी पाण्याचा तांब्या ठेवायच्या निमित्ताने पान बघून यायची. चाळीस. बासष्ट. एकदा त्या मोठ्याने हसल्या तशी मी हात पुसत बाहेर धावले. त्या मांजराला हसत होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवताना त्यांनी सोलकढीची वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "छान आहे हो लिखाण."

ह्यांनी मला डोळ्याने खूण केली. मला मात्र ते 'छान' खटकलं. आमच्याकडे अभिप्रायाची वही आहे. तिच्यात प्रत्येक पाहुणा 'छान' लिहितो. दोन दिवस पंखा बंद होता त्या खोलीतल्या कुटुंबानेही 'खूप छान' लिहिलं, आणि घरी पोचल्यावर इंटरनेटवर खरं काय ते लिहिलं. ते 'छान' मला ओळखू येतं. आणि समजा बाईंना खरंच आवडलं असलं, तरी मला ते कसं कळणार होतं? मध्ये एवढी मासळी पडली होती. खाल्ल्या मिठाला जागून दिलेला होकार घेऊन मी वडिलांचं हॉटेल छापणार होते का?

हात धुऊन त्या आल्या तशी मी म्हटलं, "ताई, माझे कागद मला परत द्या."

"अहो, अजून शंभर पानं राहिलीत."

"तुम्ही आमच्याकडे जेवताय. तुम्हाला नाही म्हणता येणार नाही. आणि तुम्हाला नाही म्हणता येत नसेल, तर तुमच्या हो म्हणण्याचं मी काय करू?"

 त्या हसायला लागल्या, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "खरं सांगू? काल संध्याकाळपासून मी हाच विचार करतेय, पुढची पानं आवडली नाहीत तर उद्या या घरात घावणे कुठल्या तोंडाने खाऊ!"

मग मोकळेपणाने बसून त्यांनी मला जे सांगितलं, ते मला तीन वर्षं आधी कुणी सांगायला हवं होतं. ओळखीने नको, अनोळखी माणसासारखं पाठवा, म्हणाल्या. आधी ग्रंथालयात जाऊन बघा, तुमच्यासारखी पुस्तकं कोण काढतं, आणि त्यालाच पाठवा. सगळं बाड नको. दोन प्रकरणं आणि एक पान, त्या एका पानात पुस्तक काय आहे ते. स्वतःजवळ प्रत ठेवा. चार-सहा महिने उत्तर आलं नाही तर एकदा विचारा, रोज विचारू नका. एजंटचंही मी विचारून घेतलं. "मराठीत फारसे नाहीत," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे लेखक थेट संपादकाकडेच येतो. उद्या दुसऱ्या भाषेत जायचं झालं तर लागेल कदाचित. पण एजंट असो की कुणी असो, आपल्या वतीने जो बोलतो त्याने आधी पुस्तक वाचलेलं असावं." आणि ह्यांच्याकडे वळून, "तुम्ही वाचलंय ना?"

नारळ सोलत बसलेल्या ह्यांना एकाएकी होडीची आठवण झाली. ते उठून गेलेच.

वाचलं नव्हतं. एक पानही नाही. मला फार वाईट वाटलं. दोन दिवस मी ह्यांच्याशी कामापुरतं बोलले, आणि सासूबाईही लेकाला वाढताना मासळीची शेपटीच वाढत होत्या.

जाताना संपादकबाई म्हणाल्या, "पाठवा. आमच्याकडे एक सहकारी आहेत, ते मासे खात नाहीत. आधी त्यांना वाचायला देईन."

आता ते एक पान. मी लिहिलं ते आठ पानांचं झालं. खोडून खोडून पाच केलं. दोनशे दहा पानं लिहायला जेवढी झटले नव्हते तेवढी त्या एका पानाशी झटले. तोवर पावसाळा लागला, पर्यटन बंद, होडी वर ओढून माडाच्या झापांनी शाकारली. एक दिवस टेबलावरचं हस्तलिखित जागेवर नव्हतं. बघते तर हे होडीच्या कडेला झापांखाली स्टूल टाकून, चष्मा लावून वाचत होते. दहा दिवस वाचत होते. मी तिकडे फिरकले नाही.

अकराव्या दिवशी चहा घेताना म्हणाले, "त्या पानार इतक्याच लिव. माणसां गाडयेची वाट बघतत, आणि गाडी येयपर्यंत एकमेकांका खरां सांगतत."

माझी पाच पानं त्या एका ओळीत बसली. मी कप बाजूला ठेवून ती तिथेच उतरवून घेतली.

"आणि तो एकशे चाळीस पानावरचो," हे कपाकडे बघत म्हणाले, "तो मी मां?"

तेच होते. तेव्हा ते विजयदुर्गाला मामाकडे होडी बांधायला शिकत होते. दर सोमवारी फाट्यावर उतरायचे, एक चहा घ्यायचे, आणि विजयदुर्गाच्या तीन-तीन एसटी चुकवायचे. वडिलांना वाटायचं मुलगा वेंधळा आहे.

"तुका तेव्हाच कळलां होतां? माझी गाडी चुकना नाय म्हणान?"

"फाट्यावर वाढलेय मी," म्हटलं. "गाडी चुकलेला माणूस वेगळा आणि गाडी सोडलेला वेगळा."

"इतकी वर्षां सांगलंस नाय!"

"लिहून ठेवलं होतं की. तुम्ही वाचलं नाहीत." त्या दिवशी जेवल्यावर ते स्वतः भांडी घासायला बसले आणि सासूबाईंनी दोनदा डोकावून बघितलं.

ह्यांची ओळ वर घालून मी एक पान आणि दोन प्रकरणं पुण्याला पाठवली. महिन्याभराने त्यांनी बाकीची मागवली. दिवाळी झाल्यावर फोन आला. संपादकबाईंचा आवाज ऐकून मी खुर्चीत बसून घेतलं.

"आम्ही काढतोय," त्या म्हणाल्या. "मासे न खाणाऱ्यांनी आधी होकार दिला, मी नंतर."

मला रडू आलं, सरळ सांगते. वडिलांच्या हॉटेलातली सगळी माणसं पुन्हा बाकावर येऊन बसल्यासारखी वाटली. मग त्या म्हणाल्या, "एक प्रकरण मात्र काढावं लागेल. एकशे चाळीस पानावरचं. बाकी सगळीकडे तुम्ही फाट्यावरच्या माणसांकडे बघता, वाचकही तुमच्याबरोबर बघतो. तिथे तुम्ही एकाच माणसाकडे बघताय, आणि वाचक बाहेर उभा राहतो."

मी पाव तास भांडले. चिडले, समजावलं, सगळं केलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मत बदललं नाही. वाईट हे की त्यांचं बरोबर होतं, आणि ते मला भांडतानाच कळत होतं. खरा अभिप्राय हवा म्हणून मीच हट्ट धरला होता. विचार करून कळवते, म्हटलं.

हे अंगणात होडीला रंग देत होते. पुस्तक निघतंय म्हटल्यावर ब्रश हातात घेऊनच उभे राहिले, तोंडभर हसले, आईला हाक मारली. मग मी प्रकरणाचं सांगितलं. आणि हेही सांगितलं की मी नाही म्हणणार आहे. दहा दिवस स्टुलावर बसून माणसाने स्वतःला शोधून काढलं, त्यालाच कसं गाळू?

ह्यांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

"काढ तां," म्हणाले. "लोकांका तेचां काय? पण फाडून टाकू नको हां. तीं पानां माका दी."