मागची लांब सीट

माझी सून गौरवी काय काम करते असं कुणी विचारलं, की मी बरीच वर्षं "कंप्युटरचं" एवढंच सांगून विषय बदलत असे. मी डिचोली–म्हापसा गाडीवर कंडक्टरकी करून निवृत्त झालेला माणूस. जे डोक्यात शिरलेलं नाही ते तोंडातून काढू नये, एवढं मला कळतं.

माझा मुलगा निखिल पणजीला नोकरीला. सकाळी आमच्या साखळी गावाहून बस पकडतो तो संध्याकाळीच उगवतो. गौरवीची कंपनी बेंगळुरूची, पण तिचं ऑफिस म्हणजे आमची मधली खोली. ती कामावरही असते आणि घरातही असते, आणि घरात असणाऱ्या माणसाला सगळेच हाक मारतात. पोदेर भोंगा वाजवत आला, की पाव घ्यायला गौरवी. गॅसवाला आला, गौरवी. शेजारच्या यशोदेचा मोबाईल रुसला, गौरवी. माझी बायको जानकी काही कजाग सासू नव्हे. पण "गो, मिनिटभर यो" म्हणताना तिचं जे मिनिट असतं, ते संपलेलं मी कधी पाहिलं नाही. गौरवी उठते, हसते, काम करते आणि परत जाऊन बसते. तुकड्या-तुकड्यांनी ती दिवस जोडते.

यंदा गणपतीची चवथ झाली आणि पोरीचं जेवणातलं लक्ष उडालं. एका संध्याकाळी दारापुढच्या सोप्यावर बसलो असताना मी विचारलंच. पहिल्यांदाच तिने मला नीट समजावून सांगितलं आणि पहिल्यांदाच मी विषय बदलला नाही.

कंप्युटरची चिप काम करताना कुठल्या सूचनेवरून कुठल्या सूचनेवर गेली, याची नोंद ती स्वतःच करत जाते. पुढे काही बिघडलं, की त्यावरून माग काढता येतो. ही नोंद उतरवायला मेमरीत जागा लागते, आणि ती जागा मिळवून देणारा प्रोग्रॅम गौरवीचा. तिने तो लिहिला तेव्हा मेमरीचे मोठे, सलग तुकडे घ्यायचे असं ठरवलं. सलग जागा मिळाली की चिप न थांबता लिहीत सुटते. वेग असा आला, की कंपनीने तो आकडा आपल्या जाहिरातीत छापला. त्या आकड्याच्या जोरावर गौरवी टीमची प्रमुख होणार, हे जवळजवळ ठरलेलं होतं.

पण मशीन आठवडेच्या आठवडे चालू राहिलं, की मेमरीची चाळण होते. मोकळी जागा पुष्कळ, पण इथे थोडी, तिथे थोडी. उरलेसुरले मोठे तुकडे गौरवीचा प्रोग्रॅम आधीच गिळून बसलेला. मग ज्यांचं सलग जागेवाचून खरोखरच चालत नाही, त्यांना नकार मिळतो. एका गिऱ्हाईकाच्या यंत्रावरचा कॅमेरा असाच बंद पडला होता.

"म्हणजे जागो आसा, पण एकठंय नाय," मी म्हणालो. शुक्रवारच्या बाजाराला भरलेली गाडी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. "मगे लोकांक उठय आणि सरकय!"

"मशीन पण सरकयता, बाबा. पण तितको वेळ गाडी उबी रवता."

माझी हुशारी तिथेच संपली. तिचा उपाय ठरलेला होता. एरवी प्रोग्रॅमने सुटे, छोटे तुकडेच घ्यायचे. ज्याला वेग हवाच असेल, त्याने मोठा तुकडा मागून घ्यावा. मला गाडीतली मागची लांब सीट आठवली. कॉलेजची पोरं तिथे ऐसपैस बसलेली असायची आणि म्हापशाच्या इस्पितळात न्यायचा आडवा पेशंट दारात तिष्ठत असायचा. पोरांना कुठेही बसता आलं असतं. पेशंटला त्या एका सीटशिवाय दुसरी जागाच नव्हती.

अडचण एकच होती. छोट्या तुकड्यांनी वेग कमी होणार, जाहिरातीतला आकडा पडणार, आणि आकडा गौरवीचा. तिचा साहेब प्रशांत याने तिला बजावलं होतं, की स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस. पाडायचाच असेल, तर वेग नेमका किती घटतो ते शुक्रवारी दुपारपर्यंत मोजून दाखव.

गुरुवारी रात्री जेवताना गौरवीने ताटातून मान वर न करता म्हटलं, "आई, फाल्यां जेवणाच्या वेळापर्यंत माका कोणी हाक मारू नकात. माका सलग वेळ होयो."

लग्न होऊन आल्यापासून तिने घरात मागितलेली ही पहिली गोष्ट. जानकी गोंधळलीच. "पण तू तर घराच आसतंस मगो?"

"व्हय, आई," गौरवी म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. त्या "व्हय"ने मला फार वाईट वाटलं.

शुक्रवारी सकाळी मी सोप्यावर ठाण मांडलं. पोदेराला भोंगा वाजवू नको म्हणून हातवारे केले, तर तो घाबरून सायकलवरून उतरला, म्हाताऱ्याला काय झालं म्हणून. जानकी स्वयंपाकघरात भांडी अशी ठेवत होती, जणू घरात तान्हं मूल निजलंय.

दुपारी गौरवी बाहेर आली. वेग घटत होता. थोडाच, पण घटत होता, आणि तिने तसंच लिहून पाठवलं. कंपनीने तिचा बदल स्वीकारला. कॅमेरा चालू झाला. जाहिरातीतला आकडा निघाला आणि प्रमुखाची खुर्ची दुसऱ्याच कुणाला तरी मिळाली. माझं डोकं फिरलं. चांगल्या माणसाने चांगलं करावं आणि मागच्या दाराने घरी यावं, हा कुठला न्याय? गौरवीलाही लागलं होतं. डोळे पुसत ती म्हणाली, "वायट वाटला, बाबा. पण परत तसाच करीन."

पुढच्या सोमवारी सगळं पहिल्यासारखं सुरू होणार, असं मी धरून चाललो होतो. भोंगा वाजला तशी मधल्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पण तिच्याआधी जानकी उठली, पिशवी घेतली आणि पाव घेऊन आली. खोलीचं दार तिने हलकेच ओढून घेतलं. तेवढ्यात यशोदा हातात मोबाईल घेऊन पायऱ्या चढून आली.

"गौरवी घरा आसा गो?"

जानकीने बंद दाराकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"नाय गो," ती म्हणाली. "कामाक गेल्या."

यशोदेची नजर दाराशी काढलेल्या गौरवीच्या चपलांवर गेली. जानकीने त्या पायानेच बाकाखाली सारल्या आणि तिला बसायला सांगून चहा टाकायला आत गेली.